मुंबईहून सांदण दरी: साम्रदचं तोंड, तीन दोर आणि तळाचा डोह

साम्रदच्या ज्या घरी आम्ही उतरतो, तिथले मामा पहाटेचा चहा पुढे करताना एकच गोष्ट विचारतात, “किती जण हायेत?” पहिल्या खेपेला मला वाटलं, भाकऱ्यांचा अंदाज घेताहेत. आठ म्हटलं की मान डोलावतात. पंधरा म्हटलं की अंगणाच्या कडेला जाऊन आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, “मग बिगी निघा.” सांदण दरीच्या ट्रेकचं गणित त्या प्रश्नातच आहे, हे कळायला मला दोन खेपा आणि एक अंधारी चढण लागली.

हा लेख मुंबईतून एका शनिवार-रविवारात सांदण उतरून, तळाच्या डोहात डुंबून, करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढून येणाऱ्यांसाठी आहे. वरच्या तोंडाशी फोटो काढून परत फिरणाऱ्यांना यातलं थोडंच लागेल. पण ते थोडं कुठलं, तेही ओघात येईल.

दरी आहे तरी कशी

सांद म्हणजे फट, चिंचोळी जागा. सांदीकोपऱ्यातली सांदी ती हीच, आणि दरीच्या नावातही ती ऐकू येते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसातून सह्याद्रीचा हा काळा कातळ झाला. त्याला पडलेली एक लांबलचक भेग पावसाच्या पाण्याने पिढ्यान्‌पिढ्या कोरत नेली, तीच ही दरी. दोन्ही बाजूंच्या भिंती दोनशे ते चारशे फूट उंच, आणि मधला रस्ता काही ठिकाणी इतका अरुंद की हात पसरले तर बोटं दोन्हीकडे टेकतात. बऱ्याच भागात ऊन जमिनीला लागतच नाही. भर दुपारी तिथे कातळाला हात लावला तर फ्रिजचं दार उघडल्यासारखं वाटतं.

साम्रद गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याशी. हा सगळा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. दरी उतरून नाळेने, म्हणजे धोंड्यांनी भरलेल्या पाण्याच्या घळीने, पुढे चालत राहिलात तर डेहणे गाव लागतं, ते ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात. सकाळी देशावर निघालेला माणूस संध्याकाळी कोकणात उतरतो, तेही पाण्याच्याच वाटेने. हे शेवटचं विसरू नका. तुम्ही ज्यातून चालणार आहात तो ओढा आहे; वर्षातले काही महिने तो आपल्याला जागा देतो, एवढंच.

केव्हा जायचं

डिसेंबर ते फेब्रुवारी हा माझा काळ. दरीत पाण्याची दोन कुंडं ओलांडावी लागतात. डिसेंबरात दुसऱ्या कुंडात पाणी छातीपर्यंत असू शकतं आणि ते हाडं गोठवतं. तळाचे डोह मात्र तेव्हाच भरलेले, नितळ. मार्चमध्ये वरची कुंडं ओसरतात, चालणं सोपं होतं, पण करोली घाटाची दुपार अंग भाजून काढते. एप्रिल-मेमध्ये डोहाचं डबकं झालेलं असतं. डुंबायलाच जायचं असेल तर तेव्हा जाऊ नका.

जून ते ऑक्टोबर दरीत उतरायचंच नाही. इथे तडजोड नाही. आत शिरल्यावर दोराने उतरायच्या पहिल्या टप्प्यापर्यंत भिंतीवर चढून जाण्याजोगी एकही जागा नाही. रतनगडाच्या बाजूला तासभर जोराची सर आली की ते सगळं पाणी याच फटीतून खाली येणार, आणि आत असलेल्याला वरचं आभाळ पट्टीएवढंच दिसत असल्याने ढग कळतही नाहीत. नोव्हेंबरात किंवा अवकाळीच्या दिवसांत आदल्या रात्री गडगडाट ऐकला असेल तर ट्रेक रद्द. जीपचे पैसे बुडतात, बुडू द्यात.

आपल्याला झेपेल का

माझी चाचणी साधी आहे. पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन कळसूबाईला (१६४६ मीटर) जाऊन आलात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलात, तर दमसास पुरेसा आहे. पण सांदणला दमापेक्षा घोटे आणि गुडघे लागतात. इथे पायवाट अशी नाहीच. टीव्हीएवढ्या धोंड्यावरून फ्रिजएवढ्या धोंड्यावर, तिथून रिक्षाएवढ्या शिळेवरून बसून घसरत खाली, असं तासन्‌तास चालू राहतं. लिफ्ट सोडून महिनाभर जिने चढा आणि मुख्य म्हणजे उतरा. चढताना दम लागतो, उतरताना गुडघे बोलतात. एक-दोन रविवार गोरखगड किंवा कलावंतीण करून आलात तर उंचीची भीती किती आहे तेही कळेल. दोराच्या टोकावर ते पहिल्यांदा कळणं वाईट.

पोहता येणं सक्तीचं नाही. मात्र येत असेल तरी स्वतःला एक प्रश्न विचारा: तळ दिसत नसताना, गार पाण्यात, अंगावर कपडे असताना पोहलो आहे का? दादरच्या तलावात लांबीमागून लांबी मारणारा माझा एक मित्र पहिल्या डोहात उतरल्यावर श्वास अडकून दोन मिनिटं कातळाला धरून उभा होता.

दोर कोणाच्या हातात

वाटेत रॅपलिंगचे, म्हणजे दोराला लटकून कडा उतरण्याचे, सहसा तीन टप्पे येतात. पहिला सर्वांत मोठा, चाळीस-पंचेचाळीस फुटांचा, पुढचे लहान. दोर लावणं लेख वाचून शिकण्याची गोष्ट नाही, म्हणून ते मी इथे सांगत नाही. ज्यांच्याबरोबर जाणार त्यांना काय विचारायचं, ते सांगतो.

रॅपलच्या दोराशिवाय प्रत्येकाला दुसरा, सुरक्षेचा दोर असतो का? हेल्मेट प्रत्येकाला की आळीपाळीने? (आळीपाळीने असेल तर तिथेच फोन ठेवा. वरच्याच्या पायाखालून सुटलेला दगड खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यावर येतो, आणि खालच्याने तर हेल्मेट काढून वर पाठवलेलं असतं.) एका दोरामागे किती माणसं? सगळ्यांत शेवटी कोण उतरतं, आणि त्याला या दरीचा अनुभव किती? वाटाड्या साम्रदचा आहे ना? महाराष्ट्र सरकारच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ती आहे का?

उत्तरादाखल फक्त “डोन्ट वरी, आपण दर वीकेंडला नेतो” असं ऐकू आलं तर दुसरा ग्रुप शोधा.

आता मामांच्या प्रश्नाकडे येऊ. हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) तपासणं, दोरात अडकवणं, उतरणं आणि सुटणं मिळून मोठ्या टप्प्यावर नवख्याला दहा मिनिटं लागतात, लहान टप्प्यावर पाच. आठ जण असतील तर पहिल्याला ८० मिनिटं आणि पुढच्या दोन टप्प्यांना ४०-४०. म्हणजे पावणेतीन तासांच्या आत सगळे खाली. पंधरा जण असतील आणि दोरांचा संच एकच असेल, तर १५०, ७५ आणि ७५ मिनिटं. पाच तास झाले! सकाळी नऊला पहिला माणूस दोरावर गेला तरी शेवटचा दोनला मोकळा होतो. तिथून डोह, डोहावरून करोली घाट. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, आणि कड्यांच्या कुशीत त्याच्या बराच आधी. आम्ही पंधरा जण गेलो होतो त्या वेळी घाटाचा वरचा अर्धा चार टॉर्चमध्ये चढलो, डोहावर कोणी थांबलंही नाही. आता सहा ते आठच्या वर मी जात नाही. पंधरा जणांचा ग्रुप असेल तर दोरांचे दोन संच आणि ते लावणारी माणसं आहेत का, ते विचारा.

मुंबईहून साम्रद

सीएसएमटीवरून कसाऱ्याला लोकलने अडीच तासांच्या आसपास लागतात. तिथून आधी ठरवलेली जीप. कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, तिथून उजवीकडे वळून बारी, शेंडी आणि धरणाच्या कडेकडेने साम्रद. घाटातले ट्रक धरून अडीच-तीन तास. शेंडी म्हणजेच भंडारदरा धरणाचं गाव. खाण्याचं-औषधांचं काही राहिलं असेल तर ते घ्यायची शेवटची बरी जागा. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांना जून २०२५पासून समृद्धी महामार्गाचा आमणे-इगतपुरी हा टप्पाही मिळाला आहे. पण करोली घाट चढून आलेल्या पायांनी त्याच रात्री क्लच दाबत मुंबई गाठायची? मी नाही म्हणेन. ड्रायव्हर वेगळा असू द्या.

मध्यरात्रीची कसारा लोकल पकडून दारात वारा खात जायचं, पहाटे जीपमध्ये डुलक्या काढायच्या आणि उजाडताच डोंगराला भिडायचं, ही मुंबईच्या ट्रेकरांची जुनी रीत. मीही पंचविशीत तेच केलं. साध्या किल्ल्याला चालतं. सांदणला मात्र न झोपलेला माणूस दोराच्या टोकाशी उभा राहतो आणि कॅराबिनरचा, म्हणजे दोराच्या कडीचा, स्क्रू लावला की नाही, हे त्याला आठवत नाही. शनिवारी दुपारची लोकल घ्या, रात्री साम्रदला पोचा आणि गावातल्या घरी सात तास झोपा. आधी फोन केला तर पिठलं, नागलीची भाकरी, ठेचा आणि भात मिळतो. सकाळचा डबाही तिथेच सांगून ठेवा. रविवारी गर्दी असते, म्हणून जमल्यास एक दिवस रजा टाकून शुक्रवारी दरीत उतरा. सुट्टीच्या दिवशी दोन मोठे ग्रुप तुमच्या पुढे असतील तर वर मांडलेलं गणित कोलमडतं. रविवारीच जायचं असेल तर परतीच्या लोकलचा मेगाब्लॉक पाहून घ्या.

वनखात्याचं प्रवेश शुल्क भरून पावती जवळ ठेवा. आणि घरच्यांना दोन वेळा लिहून द्या: दरीत शिरण्याची, आणि वर आल्यावर फोन करण्याची. त्या दुसऱ्या वेळेनंतर किती तास वाट बघून कोणाला फोन करायचा, तेही लिहा. दरीत मोबाईलला रेंज नसते. ११२ सगळ्यांना माहीत असतो. त्याबरोबर महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक आणि साम्रदच्या घराचा फोन नंबर त्याच कागदावर हवा.

सॅकमध्ये

दुसऱ्या कुंडात सॅक डोक्यावर धरूनही भिजते, हे गृहीत धरून भरा. आत एक जाड, मोठी कचऱ्याची पिशवी अस्तरासारखी घालायची, सामान भरलं की तिचं तोंड पिळून गाठ मारायची. बाहेरून चढवायचं रेनकव्हर उभ्या पाण्यात काही कामाचं नाही. फोन दोन झिपलॉकमध्ये. माझा एक फोन सांदणच्या दुसऱ्या कुंडात गेला तो “एकच फोटो” म्हणून बाहेर काढला तेव्हा.

बूट ओल्या कातळावर धरणारे हवेत. अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट कित्येक वर्षं सह्याद्रीत चालताहेत ते उगाच नाही. नवे बूट घेतले असतील तर दोन आठवडे घालून फिरा. चप्पल-सँडल चालणार नाहीत. बोटं धोंड्यांच्या फटीत अडकतात. जीन्स भिजली की दोन किलोची होते आणि मांड्या सोलते, त्यामुळे लगेच वाळणारी ट्रॅकपँट आणि लांब बाह्यांचा टीशर्ट. मोज्यांचे तीन जोड. डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाकडे. मोबाईलचा टॉर्च धरला की चढायला एकच हात उरतो.

पाणी तीन लिटर. डोहाचं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण प्यायचं तर मेडिक्लोरचे थेंब टाकून, अर्धा तास थांबून. खायला हातात धरून खाता येईल असं घ्या: दशम्या, गूळ-शेंगदाणे, खजूर, संत्री, लिमलेटच्या गोळ्या. ओआरएसची पाकिटं दोन. क्रेप बँडेज, चिकटपट्ट्या, स्वतःची औषधं.

आणि एक वस्तू, जी पाहून सगळे हसतात: तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेला, कडीला पंधरा मीटर नायलॉनची दोरी बांधलेली. डोहावर हसू थांबतं.

अत्तर, डिओ घरी ठेवा. इथल्या कड्यांना आग्या मोहळं लटकलेली असतात. आवाज, धूर, उग्र वास, यांतलं काहीही त्यांना उठवू शकतं. स्पीकर आणणाऱ्याला मी साम्रदलाच ठेवून जातो.

उतरण

सहाला गाव सोडा. दरीच्या तोंडाशी जायला अर्धा तास. सुरुवातीचा उतार सोपा आहे म्हणून पोरं पळतात, आणि इथेच घोटे मुरगळतात. धोंड्यावर पूर्ण वजन टाकण्याआधी पायाने हलवून बघायचं; हलला तर मागच्याला ओरडून सांगायचं. दोघांत दोन-तीन हातांचं अंतर. काठी असेल तर इथे सॅकला बांधून टाका, दोन्ही हात कातळाला हवेत.

पहिलं कुंड घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, दुसरं कमरेपासून छातीपर्यंत. नेमकं किती ते त्या आठवड्यावर ठरतं, म्हणून आदल्या रात्री गावात विचारायचं. वाटाड्या आधी पलीकडे जाईल. तो जिथून गेला तिथूनच जा. तळाशी शेवाळाचे दगड आहेत, पाय उचलून टाकू नका, सरकवत न्या. उंची कमी असलेल्यांनी लाजू नये, सॅक पलीकडे पोचवायला सांगावी. बाहेर आलात की मोजे पिळून पुन्हा घाला; कोरडे मोजे अजून बाहेर काढू नका, दिवस मोठा आहे.

मग दोनएक तासांची धोंड्यांची रांग, आणि भिंती एकदम उघडून समोर कोकण दिसतं. तो पहिल्या टप्प्याचा माथा.

इथे बसा. दशमी खा. घड्याळ बघा.

तानाजीच्या गोष्टीतलं परतीचे दोर कापणं आपण शाळेपासून ऐकतो. इथे ते अक्षरशः होतं: शेवटचा माणूस उतरला की दोर खाली ओढून घेतात, आणि मागे फिरायची वाट संपते. म्हणून कोणाला काय होतंय, हे बोलायची ही शेवटची जागा. मी पाळतो तो नियम असा: दहा वाजेपर्यंत आमचा पहिला माणूस दोरावर नसेल, कोणाचा पाय दुखावला असेल, कोणी दोराकडे बघून गप्प झालं असेल, तर सगळेच परत. आल्या वाटेने वर, दुपारचं जेवण साम्रदला. तीन खेपांपैकी एकदा मी असा फिरलो आहे. रागावलेले मित्र संध्याकाळी रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या दगडी मंदिरात निवले.

दोरावर लटकल्यावर मेंदू सांगतो कातळाला चिकट. त्याचं ऐकू नका. पाय खांद्याएवढे फाकवून तळवे कातळावर सपाट, अंग मागे रेललेलं, गुडघे किंचित सैल. दोर सोडणारा हात कधीच सुटता कामा नये. केस आत बांधलेले, ओढणी-गमछा सॅकमध्ये. उतरण्याच्या यंत्रात काही गुंतलं तर अधांतरी सोडवणं महाकठीण. खाली पोचलेल्याने दोरातून सुटून लगेच बाजूला व्हायचं. तिथेच उभं राहून दुसऱ्याचे व्हिडिओ काढायचे नाहीत, वरून दगड येतात.

डोह

तिन्ही टप्पे संपले की दरी रुंदावते आणि नाळेत धोंड्यांच्या मधोमध पाणी साठलेलं दिसू लागतं. काही डबकी, काही कुंडं, आणि एखादा डोह असा की काठावरून हिरवा, मध्ये काळा. सकाळपासून अंगावर घाम, माती, भीती. उडी मारावीशी वाटतेच.

उडी मारायची नाही. दर पावसाळ्यात हे धोंडे वाहून जागा बदलतात. गेल्या वर्षी जिथे दोन पुरुष पाणी होतं तिथे या वर्षी पाण्याखाली वीतभरावर शिळा असेल. मागच्या खेपेचा व्हिडिओ पाहून कोणीतरी “इथे खोल आहे” म्हणेल, त्याला गप्प बसवा. सूर तर नाहीच नाही.

आधी बाहेर यायची जागा शोधा. गुळगुळीत कातळावरून पाण्यात घसरणं सोपं असतं, ओल्या हातांनी त्याच कातळावर चढणं जमत नाही. उथळ, वाळू-खड्यांची बाजू बघून तिथूनच शिरा आणि तिथूनच निघा. काठावर दहा मिनिटं बसून आधी अंग निवू द्या, मग पाय, मांड्या, मानेवर पाणी, मग बाकीचे. तापलेलं अंग एकदम गार पाण्यात गेलं की छाती आवळते आणि नकळत श्वास आत ओढला जातो. नाक-तोंड पाण्याखाली असेल तर त्याच श्वासाने पाणी आत. वरचं पाणी कोमट लागलं तरी हातभर खाली ते वेगळंच असतं. थकलेल्या पायाला गोळा येणं इथे नेहमीचं, म्हणून मध्यभागी जायचंच नाही. काठ हाताच्या अंतरावर ठेवून डुंबायचं. शिळांच्या खाली पाणी गेलेलं दिसतं, त्या कपारीत शिरायचं नाही.

एका वेळी निम्मे पाण्यात, निम्मे काठावर. काठावरच्यांपैकी एकाच्या हातात तो तेलाचा कॅन. कोणी घाबरलं, तर त्याच्याकडे कॅन फेकायचा आणि दोरीने ओढायचं. मागून पाण्यात झेप घ्यायची नाही. बुडणारा माणूस मिठी मारतो, आणि मग दोघं जातात. आमच्यात एकदाच वेळ आली. चांगला पोहणारा होता, पोटरीला गोळा आला. कॅन छातीशी धरून तो काठाला लागला तोवर एक मिनिटही झालं नसेल. ते मिनिट अजून आठवतं.

दारू प्यायलेला माणूस पाण्यात उतरणार नाही, असं सांगून भागत नाही. ती साम्रदपासूनच सोबत नसावी. साबण-शाम्पू नको, हेच पाणी खाली कोणाच्या तरी गुरांचं आहे. कपडे बदलायला आडोसा म्हणून एक जुनी चादर ठेवावी. बायकामुलींची ही अडचण ग्रुपच्या यादीत कोणी लिहीत नाही आणि प्रत्येक वेळी ती येतेच.

वीस मिनिटं. मग बाहेर, अंग पुसून कोरडे मोजे (ते आत्ता), डबा, आणि दीड वाजता सॅक पाठीवर. डोह सोडवत नाही, म्हणून गजर लावून ठेवा.

करोली घाट

इथून दोन वाटा. नाळेने खाली डेहण्याला उतरायचं, तर आणखी तीन-चार तासांचे धोंडे, आणि आसनगाव स्टेशनला नेणारी जीप आधीच तिकडे बोलावलेली हवी. गुडघे बोलत असतील तर ही वाट घेऊ नका. दुसरी वाट करोली घाटाची. देश-कोकणातली जुनी जा-ये ज्या घाटवाटांनी चाले त्यांतली ही एक, साम्रदला चढून जाणारी.

नाळ सोडून वाट कुठे वर लागते ते नवख्याला दिसत नाही. वाटाड्या इथपर्यंत हवा, तो रॅपलवरूनच परतला असं चालणार नाही. सुरुवातीला रान, मग कातळाच्या पायऱ्यांसारखे टप्पे आणि घसाऱ्याची माती. धरायला कारवीच्या काठ्या मिळतात. वाळकी काठी ओढली की मुळासकट हातात येते. सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे घाला. तो मागे राहिला की बाकीचे थांबून विश्रांती घेतात आणि तो पोचला की निघतात, त्या बिचाऱ्याला बसायलाच मिळत नाही. दर अर्ध्या तासाला पाच मिनिटं, दोन घोट ओआरएस. मागे वळून पाहिलंत तर रतनगडाचा बाण सुळका उभा दिसतो आणि पलीकडे आजोबा पर्वत. फोटो इथे काढा, पाय स्थिर आहेत.

तीन ते चार तास धरा. पाचच्या सुमाराला साम्रद दिसतं. माणसं मोजा, घरी फोन करा, चहा मागा. जीपने कसारा गाठेपर्यंत रात्र होते, म्हणून परतीची शेवटची लोकल कोणती ते मुंबईतूनच पाहून या आणि तिच्या एक आधीची धरायचं ठरवा.

घरी आल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा, उन्हात नको, तळ सुटतात. नखं तपासा, उतरणीवर अंगठ्याचं नख काळं पडलं असेल तर पुढच्या वेळी अर्धा नंबर मोठा बूट. आणि सोमवारी नेहमीच्या गाडीच्या दहा मिनिटं आधी निघा. स्टेशनचा जिना चढाल आरामात. उतरायला कठडा लागेल.